पुलाच्या पलीकडची खोली

विमानतळावर रांगेला दोन फाटे फुटले, आणि धाकटी चुकीच्या फाट्याने घरी आली.

फाटे का फुटले ते आधी सांगायला हवं. दोघे भाऊ आणि दोघी जावा असे चौघं समुद्रकाठी सुट्टीला गेले होते. हॉटेल एकच, पण इमारती दोन. मधून खाडी आणि खाडीवर पूल. पुलाच्या मध्यावर दोन प्रांतांची हद्द होती, पण तिकडे बघतंय कोण? वेटर दिवसभर चहाचे ट्रे घेऊन इकडून तिकडे जात होते. थोरल्या जोडीची खोली पलीकडच्या इमारतीत होती आणि धाकट्यांची अलीकडच्या. पहिल्याच संध्याकाळी थोरल्या जावेचा गुडघा दुखायला लागला. पलीकडे लिफ्ट नाही, म्हणाली. अलीकडच्या खोलीतून समुद्र दिसायचा, हा निव्वळ योगायोग. थोरलीचा गुडघा नेमका कधी दुखणार, हे गुडघ्यापेक्षा तिलाच जास्त ठाऊक असायचं. धाकटीने मुकाट्याने किल्ली पुढे केली, बॅगा इकडच्या तिकडे झाल्या, आणि हे हॉटेलवाल्यांना सांगायचं असतं असं चौघांपैकी कोणाच्या डोक्यातही आलं नाही. घरात नाही का आपण खोल्या बदलत?

निघायच्या आदल्या दिवशी साथीच्या मुलखांची सरकारची नवी यादी आली. पलीकडचा प्रांत लाल, अलीकडचा हिरवा. साथ पुलाच्या मध्यापर्यंत येते, हद्दीची पाटी वाचते आणि माघारी फिरते, अशी यादी करणाऱ्यांची समजूत असावी. लाल मुलखात राहिलेल्यांना परतल्यावर सरकारने ठरवलेल्या हॉटेलात दोन आठवडे कुलपात ठेवायचं. हिरव्यातल्यांनी खुशाल घरी जावं. चौघं आठवडाभर एका टेबलावर जेवले होते, एकमेकांच्या ताटातलं उचलून खाल्लं होतं. पण नियम जेवणाचं विचारतच नव्हता. कुठल्या खोलीत झोपलात, एवढंच विचारत होता.

अधिकाऱ्यापुढे बुकिंगचे कागद होते. त्याने मान वर न करता थोरल्या जोडीला डाव्या दाराकडे पाठवलं आणि धाकट्यांना उजव्या. धाकटी पुढे होऊन तोंड उघडणार, तोच थोरलीने तिचा दंड घट्ट धरला.

"गप्प बस," ती मास्कमधून पुटपुटली. "तू आत गेलीस तर आप्पांचं कोण करणार? मला कफ बघितला तरी उलटी येते, तुला माहितीये. दोन दिवस नाही निघायचे त्यांचे माझ्या हातात."

"पण वहिनी, तिकडे तर आम्ही..."

"कोण कुठे होतं ते मला माहितीये. जा म्हणते ना."

समुद्र दिसणारी खिडकी एका दिवसापुरतीही न सोडणारी बाई दोन आठवडे कुलपात बसायला निघाली, आणि मोठे दीर नेहमीप्रमाणे बायकोची बॅग उचलून तिच्या मागे गेले.

आप्पा म्हणजे सासरे. त्यांचं एक फुफ्फुस तरुणपणीच काढलेलं होतं आणि दुसरं आता थकलं होतं. दिवसातून तीनदा त्यांना मशीनची वाफ द्यायची, मग पुढे वाकवून कफ सुटेपर्यंत पाठ थोपटायची, तोंडापाशी भांडं धरायचं. हे सगळं धाकटी करायची. आठवड्यासाठी ठेवलेली नर्स त्याच संध्याकाळी हॉस्पिटलात रुजू व्हायला निघून गेली. दुसरी मिळणं त्या दिवसांत अशक्यच होतं. नवऱ्याने दोनदा पाठ थोपटून पाहिली. तो इतक्या हलक्या हाताने थोपटायचा की आप्पाच म्हणाले, राहू दे बाबा, माशी हाकलल्यासारखं वाटतंय.

धाकटी दोन मास्क लावून, खिडक्या सताड उघडून खोलीत जायची. आप्पांना थंडी वाजायची, आणि मास्कमुळे तिचं बोलणं त्यांना ऐकू यायचं नाही.

"तुला कुठे बंधन आहे? काढ ते फडकं," ते म्हणायचे. मित्रांना फोनवर हसून सांगायचे की थोरली लाल निघाली, पण आमची धाकटी हिरवी आहे, घरात काही भीती नाही. ते ऐकून धाकटी मास्कची गाठ आणखी आवळायची.

तिची भीती उगाच नव्हती. पलीकडच्या इमारतीत त्यांच्या शेजारच्या खोलीतला माणूस भिंतीआडून सारखा खोकायचा. जिन्यात एकदा तो तिला खेटून वर गेला होता. तेव्हा तिने वाट दिली होती आणि हसलीही होती. आता वाफेचा मास्क आप्पांच्या नाकावर बसवताना तिला तो जिनाच दिसायचा. त्यांची पाठ थोपटताना ती स्वतःचा श्वास रोखून धरायची, आणि डोळ्यांपुढे अंधारी आली की नाइलाजाने सोडायची. आपण यांना औषध देतोय की दुसरंच काही, हा विचार एकदा मनात शिरला तो मग निघेना. या आजारात आधी वास जातो म्हणे, म्हणून सकाळी उठल्याबरोबर ती डबा उघडून कॉफीचा वास घ्यायची. वास आला की तेवढ्यापुरता जीव भांड्यात पडायचा.

तपासणी करून घ्यायला ती गेली तर केंद्रावर विचारलं, लाल यादीतल्या का? नाही म्हटल्यावर त्यांनी हात वर केले. हिरव्यांची तपासणी बंद होती. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, कायद्याने आपण मोकळे आहोत, उगाच झोपलेल्या सापाच्या शेपटीवर कशाला पाय द्यायचा? एवढं बोलून तो पेपरात तोंड खुपसून बसला. मात्र वडिलांच्या खोलीत जायचं त्याने सोडलं होतं, आणि ते तिच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

शेवटी तिने मदत केंद्राला फोन लावला. समजा, एखाद्या कुटुंबात खोल्यांची अदलाबदल झाली असेल तर काय करायचं, असं आडून आडून विचारलं. फोनवरची मुलगी आवाजाने गोड होती. ती म्हणाली, मग तुम्हा दोघांना न्यायला गाडी येईल.

"आणि चुकून आत गेलेले? ते सुटतील ना?"

"नाही हो. आत गेलेला माणूस मुदत संपल्याशिवाय बाहेर येत नाही. नियम तसा आहे."

"मग घरात एक आजारी माणूस आहे, त्यांना कोण बघणार?"

"त्यांच्यासाठी वेगळा अर्ज करता येतो. तीन आठवड्यांत उत्तर येतं."

धाकटीने फोन ठेवला. खरं बोललं तर चौघंही कुलपात आणि आप्पा एकटे. गप्प बसलं तर त्यांच्या तोंडापाशी रोज आपलंच तोंड. तिला रडू आलं, पण रडल्यावर नाक चोंदतं आणि मग वास येत नाही, म्हणून तिने तेही गिळलं.

थोरली मात्र रोज फोन करायची. जेवण गार येतं, खिडकी उघडत नाही, पण तू काळजी करू नकोस. मग एके दिवशी तिचा आवाज पडलेला होता. शेजारच्या खोलीतल्या बाईला स्ट्रेचरवरून नेलं, म्हणाली. सगळ्या मजल्याला हवा एकाच नळकांड्यातून येते म्हणे. लाल नसलेल्या माणसाला लाल लोकांत कोंडलं होतं, आणि लाल होती ती इथे आप्पांची पाठ थोपटत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी यादी पुन्हा बदलली. पलीकडचा प्रांत हिरवा झाला. का झाला, ते कोणी सांगितलं नाही. आत असलेल्या सगळ्यांना ताबडतोब सोडण्यात आलं, आणि संध्याकाळच्या आत थोरली दारात उभी राहिली. मोठे दीर खाली टॅक्सीतून बॅगा काढत होते.

"सुटले गं बाई," ती म्हणाली, आणि चपला काढून तडक आप्पांच्या खोलीकडे निघाली. "आधी त्यांना भेटते. पत्ते खेळायला माणूस नाही म्हणून रोज कुरकुरत होते फोनवर." बोलता बोलता तिने घसा खाकरला. "एसीने पार वाट लावली घशाची."

धाकटी खोलीच्या दारात आडवी उभी राहिली.

"आत जाऊ नका, वहिनी."

थोरलीला आधी ती गंमतच वाटली. मग तिचं हसू मावळलं. "माझ्याकडे सुटकेचं पत्र आहे."

"असू दे."

"तुझ्या जागी मी राहिले आत," थोरली अगदी हळू म्हणाली. "तुझ्या जागी. आणि आता तू मला अडवतेस?"

"हो," धाकटी म्हणाली. थोरलीने पाऊल पुढे टाकलं तशी ती मागे सरली, खोलीत शिरली आणि आतून कडी लावली. बाहेर थोरली नुसती उभी होती, आणि मधूनच घसा खाकरत होती.

आप्पा उशीला टेकून बसले होते. "थोरली आली ना? मग दार का लावलंस?"

"त्यांना तिथे लागण झाली असेल, आप्पा."

"मग बरं केलंस. तू आहेस तोवर मला घोर नाही," ते म्हणाले आणि त्यांनी नेहमीसारखा हात पुढे केला, तिने आधार देऊन पुढे वाकवावं म्हणून.

त्या हाताकडे बघून धाकटीचा धीर सुटला. दुसऱ्या कोणाहीपुढे न आलेले शब्द भडाभडा बाहेर आले. "आप्पा, पलीकडच्या खोलीत आम्ही होतो. त्या नाही. आम्ही खोल्या बदलल्या होत्या. आत मी जायला हवं होतं."

आप्पांनी हात मागे घेतला. घाईने नाही, सावकाश, तिला कळू नये अशा बेताने. पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. त्यांच्या छातीतली घरघर ऐकू येत होती. ती वाढत गेली.

मग तिच्याकडे न बघताच ते म्हणाले, "मशीन लाव. वेळ झाली."