बर्फाच्या कारखान्यातली फिरती खुर्ची

मी एक जुनी फिरती खुर्ची आहे. मित्रांनो, 'फिरती' हे आता नावापुरतंच. डावीकडे वळते, उजवीकडे वळायचं म्हटलं की कुरकुरते. शिवडीला शामरावांचा बर्फाचा कारखाना आहे, त्याच्या ऑफिसात माझा मुक्काम. काळ्या रेक्झिनचा पोशाख चढवून मला टेम्पोत घातलं, तेव्हा वाटलं होतं, एखाद्या चकचकीत इमारतीत जाईन. येऊन पडले ती बर्फाच्या लाद्या आणि मासळीच्या वासात. नशीब एकेकाचं!

पण माझ्यावर माया बसू लागली आणि माझे दिवस पालटले. परळच्या चाळीतली ही मुलगी कॉम्प्युटर शिकून नुकतीच नोकरीला लागली होती. मासेमारीच्या होड्यांना बर्फ देण्याचा प्रोग्राम तिने माझ्यावर बसूनच लिहिला. ज्याने आधी मागितला त्याला आधी बर्फ, असा त्याचा हिशेब नव्हता. ज्याची होडी आधीच्या भरतीला सुटणार, त्याला आधी. धक्क्यावरची रीतच तशी. भरती चुकली की होडी गाळात बसून राहते आणि खलाशी हात चोळत बसतात. लोक त्या प्रोग्रामचं कौतुक करायचे आणि माझी पाठ उगाचच ताठ व्हायची.

मग मायाला एका मोठ्या आयटी कन्सल्टिंग कंपनीत नोकरी लागली. शामरावांनी हौसेने पेढे वाटले, पण त्या दिवशी स्वतःचा डबा न उघडताच घरी नेला. मला कोपऱ्यात सारलं गेलं. कुणी माझ्यावर छत्र्या टाकल्या, कुणी जुनी गोणपाटं. मांजरीने रेक्झिन फाडलं. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू? मायाचाच.

काही वर्षांनी ती आली, पण पाहुणी म्हणून. तिच्या कंपनीला शामरावांच्या गळ्यात नवी सिस्टिम मारायची होती, आणि जुनी ओळख म्हणून तिलाच पुढे केलं होतं. बरोबर तिचे साहेब होते, राजस नावाचे. माया प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली. माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. भिंतीवर रंगीत चित्रं सरकू लागली.

सगळं बघून झाल्यावर शामराव म्हणाले, "झकास आहे. पण यात भरती कुठाय?"

"सर, फर्स्ट कम, फर्स्ट सर्व्ह," राजस म्हणाले. "सगळीकडे हेच चालतं."

"मी मायाला विचारतोय."

'नंतर टाकू' एवढं ती म्हणाली असती, तर सौदा तिथेच पक्का झाला असता आणि तिची बढतीही. ती शामरावांकडे वळली.

"भरती नाहीये यात, काका. बसवायची म्हटली तरी बसणार नाही. तुम्ही हे घेऊ नका."

राजस यांचा चेहरा खर्रकन उतरला. लॅपटॉप मिटून ते तडक खाली गेले. माया तिथेच बसून राहिली.

"आता तिकडे माझी खैर नाही," ती म्हणाली.

"मग इकडे ये."

"कशी येऊ? आई विचारेल, चाळीत काय सांगू? एवढी एसीत गेली नि परत बर्फात आली. सगळे म्हणणार, झेपलं नाही हिला."

"नाही झेपलं?"

"झेपत होतं हो! पण सारखं नवं गिऱ्हाईक. मी केलेलं पुढे चाललं की बंद पडलं, ते कधी कळतच नाही."

शामराव उठले आणि माझ्यावरच्या छत्र्या उतरवू लागले.

राजीनामा देऊन, नोटीस पुरी करून माया एका सोमवारी कामावर आली. दारात क्षणभर थबकली. ऑफिसातल्या सगळ्यांच्या माना वर झाल्या. एकाने तर तोंड उघडलंच, "काय गं, तिकडे..."

"ते राहू दे," शामराव म्हणाले. "माया, दत्तू तांडेलांची होडी सुटायचीय. बर्फ कधी सोडू ते बघ."

ती घाईघाईने आली आणि माझ्यावर बसली. माझा राग कुठल्या कुठे गेला.

मित्रांनो, माझ्या फाटक्या रेक्झिनला कुणी दोन टाके घातले तर मला हवेच आहेत. पण खरं मागणं वेगळं आहे. गेलेलं माणूस परत आलं, तर का आलं, कसं आलं, हे मागाहून विचारा. आधी त्याला बसू द्या.