लिंक्सची मान

एस्किलच्या त्या फिरत्या चित्राचं सगळ्या बर्गेनला कौतुक आणि गुन्वोरच्या अंगाचा मात्र तिळपापड. संग्रहालयातल्या लिंक्स मादीत, त्या मोठ्या रानमांजरीत, पेंढा भरला होता गुन्वोरनं. मागे वळून पिल्लाकडे बघणारी ती मान बसवायला तिचा अख्खा हिवाळा गेला होता. एस्किलनं काय केलं? चित्र टिपायचं यंत्र घेऊन भोवती चकरा मारल्या! आणि आता पडद्यावर बोटानं फिरवता येणाऱ्या त्या लिंक्सखाली नाव त्याचं. शाळेची पोरंसुद्धा म्हणायची, "एस्किल, तुझी लिंक्स कसली भारी आहे!"

"तुझी म्हणे," वाफलवर तपकिरी चीज ठेवत गुन्वोर पुटपुटली.

"मग काय लिंक्सचं नाव घालू?" एस्किल हसला. "तूच सांगत फिरतेस ना, मी पदरचं काही घालत नाही, जनावर होतं तस्संच उभं करते म्हणून?"

खरंच, ते तिचं ब्रीदच होतं.

चित्र सगळ्या जगाला मोफत द्यायचं ठरलं, तेव्हा हक्क कुणाचा ते बघायला वकील इंगुन आली.

"एस्किल, हुबेहूब नकलेवर हक्क सांगता येत नाही. तुझं नाव निघणार."

गुन्वोरच्या मनात गुदगुल्या झाल्या.

"आणि गुन्वोर, तूही निसर्गाची नक्कलच केलीस ना? त्यात तुझ्या मनचं काही असतं, तर गोष्ट वेगळी."

"हिच्या मनचं?" एस्किल म्हणाला. "ही मिशीचा केससुद्धा मोजून लावते!"

"मग कुणाचंच नाव नको," इंगुन पडद्याकडे बघत राहिली. "पण काय माया आहे गं त्या जनावरात!"

एस्किल तोंडावर आपटला होता. एवढ्यावर गुन्वोरचं भागायला हवं होतं. पण माया त्या जनावराची ठरली, तसा तिला लिंक्सचाच हेवा वाटला. गाडीखाली सापडलेली ती एकटी मादी, पिल्लू भलत्याच रानातलं. त्या हिवाळ्यात लेकीचा, तान्ह्या राग्नाचा पाळणा गुन्वोरच्या मागेच असायचा. पोर जरा गप्प झाली, की हिचा हात थांबायचा आणि मान आपोआप मागे वळायची. तीच मान तिनं कातड्याखालच्या मातीत उतरवली होती. हे बोललं तर पेंढा भरणारे सगळे म्हणणार, ही मनानं रचते.

"मान तिची नाही," ती म्हणाली. "माझी आहे. अशी वळलेली लिंक्स मी जन्मात पाहिलेली नाही."

एस्किल आ वासून बघत राहिला. "म्हणजे इतके दिवस मी तुलाच गरागरा फिरवत होतो?"

इंगुन हसली. "गुन्वोर, तुझं नाव घालू. चित्र मोफत द्यायला तुझी हरकत नाही ना?"

"खुशाल द्या," गुन्वोर म्हणाली. मग जरा घुटमळली. "पण यंत्र फिरवणाऱ्याचं नाव घातलंच, तर किती बारीक अक्षरात येईल गं?"