अकालजा

फाल्गुनाची उतरती उन्हे. चंद्रपूरच्या आकाशावर कोळशाच्या धुळीचा करडा पदर, आणि त्या पदराआड हळूहळू राखेत रुतत चाललेला सूर्य. इरईच्या पात्रात पाणी थोडे, वाळू फार. पलीकडच्या रानात पळस पेटलेले. पान नाही, सावली नाही, निष्पर्ण फांद्यांवर नुसती रक्तवर्ण फुले. त्या धूसर, रक्तिम, श्वास कोंडणाऱ्या सायंकाळी विभावरी ताजणे हिला मुलगी झाली.

वेळेआधी झाली. फार आधी. गर्भाच्या उबदार अंधाराला अजून तिचा निरोप घ्यायचा नव्हता, फुप्फुसांना अजून वाऱ्याची ओळख नव्हती, पापण्यांना उजेड कसा झेलावा हे ठाऊक नव्हते. तरी ती आली.

इस्पितळाच्या दारातली काटेसावर तेव्हा बहरात होती. चेतनने, विभावरीच्या नवऱ्याने, त्याच झाडावरून मुलीचे नाव तिथल्या तिथे ठेवून टाकले. शाल्मली. बारशापर्यंत थांबायला तो भीत होता. बिननावाचे निसटून जाते, नावाचे थांबते, असे काहीसे त्याच्या मनात असावे.

विभावरीने लेकीला प्रथम पाहिले ते काचेच्या पेटीत. निळ्या प्रकाशात निजलेली, नीलशिरांची, कांद्याच्या पापुद्र्यासारख्या त्वचेची. डोळ्यांवर पट्टी. घशात नळी. छातीवर तारा, आणि त्या तारांच्या टोकाला अखंड टिकटिकणारी, क्षणोक्षणी किंचाळणारी यंत्रे. एवढ्याशा देहाभोवती केवढा हा पहारा! आणि त्या पहाऱ्यात आईला जागा नव्हती. तिची जागा काचेबाहेर.

तिथूनच तिने ते पाहिले. कुणीतरी आले. बाळाची टाच दोन बोटांत धरली. सुई टोचली. रक्ताचा माणिकमणी नळीत उतरला. आणि शाल्मली रडली. घशात नळी होती, म्हणून त्या रडण्याला आवाज नव्हता. तोंड उघडे, कपाळावर जख्ख म्हातारीच्या आठ्या, मुठी वळलेल्या, सारा देह थरथरणारा. आणि भोवती निःशब्द, निर्जंतुक, निळी शांतता.

सकाळी तेच. दुपारी तेच. संध्याकाळी पुन्हा तेच. उगवतीला सुई, मावळतीला सुई. जगाची पहिली ओळख सुई.

नवजात कक्षाच्या प्रमुख डॉक्टर सुमेधा पांढरीपांडे मितभाषी होत्या. अकाली जन्मलेल्या बाळांवर त्या संशोधन करत, आणि शाल्मलीच्या नाळेतले थोडे रक्त त्यांनी चेतनला विचारून ठेवून घेतले होते. ते कशासाठी, हे विभावरीने एका दुपारी त्यांना विचारले.

“जनुकं तीच राहतात, तुम्ही दोघांनी दिलेली,” डॉक्टर म्हणाल्या. “पण त्यांच्यावर बारीक रासायनिक खुणा बसतात. कुठलं जनुक जागं राहील, कुठलं झोपेल, ते त्या खुणांवर ठरतं. इतक्या लवकर आलेल्या बाळाला रोज वेदना होते, आईचा स्पर्श मिळत नाही. अशा बाळांमध्ये, भीतीला आवर घालणारी जी जनुकं असतात, त्यांच्यावर या खुणा वाढताना दिसतात.”

“मग पुढे काय होतं?”

“काही मुलं लवकर दचकतात. दचकली की लवकर शांत होत नाहीत. काहींना काहीच होत नाही.”

“सुया कमी नाही करता येणार?”

“करतोच आहोत जमेल तितक्या. पण पूर्ण थांबवल्या तर ती जगणार नाही.”

विभावरी काचेशी परतली. जो हात वाचवत होता, तोच हात जखम करत होता. जी सुई प्राण राखत होती, तीच प्राणाच्या पार तळाशी, जिथे भाषा पोचत नाही, आठवण पोचत नाही, तिथे काहीतरी कोरत होती. काय कोरत होती, ते वाचायला अजून कुणी शिकले नव्हते.

आणि ते ऐकल्यापासून विभावरीला आणखी एक भय वेढू लागले. ते स्वतःविषयीचे होते.

शाळेत भूगोल शिकवणारी, शांत, नेटकी बाई म्हणून सारे तिला ओळखत. पण ताट पडले तरी ती दचकून उठे. दारावर थाप पडली की दाराआड जाऊन उभी राही. भर दुपारी, निवांत उजेडात, सारे काही ठीक असताना, तिच्या उरात काहीतरी धावत असे. कुणापासून, कशापासून, तिला कधी उमगले नव्हते. आई म्हणायची, सातव्या महिन्यातली आहे, नाजूक आहे. तेवढ्यावरच सारे थांबे.

वरोऱ्याकडच्या गावाहून डबा घेऊन आलेली तिची आई, सुभद्राबाई, इस्पितळाच्या व्हरांड्यात टेकली होती. विभावरी तिच्याजवळ बसली.

“आई, मी झाले तेव्हा मला कुठे ठेवलं होतं?”

“नागपूरले. अशाच काचेच्या पेटीत.”

“तू होतीस ना जवळ?”

सुभद्राबाईंनी डब्याचे झाकण उघडले, पुन्हा लावले. दूरवर खाणीत सुरुंगाचा गडगडाट झाला आणि विरला.

“मले आत जाऊच नाही देल्लं, बाई. आजार लागते म्हणे पोरीले. मी बाहेर पायरीवर बसून राहो. दूध गळून जाये माह्या लुगड्यात. मंग कितीक दिवसानं तुले माह्या हातात देल्लं, तं तू माह्याकडं पाहेच नाही. नुसती छताकडं पाहे.”

“कधी बोलली नाहीस.”

“काय बोलू? जगली नं तू.”

जगली. त्या एका शब्दाखाली केवढा निर्जन काळ गाडला होता! कुठेतरी, कधीतरी, एका उजळ खोलीत एक तान्हे बाळ छताकडे पाहत होते, आणि एका बंद दाराबाहेर पायरीवर दूध सुकत होते. तिच्या उरातले ते धावणे तिथून निघाले होते काय? आणि तिच्या रक्तातून, तिच्या उदरातून, ते पुढच्या देहातही उतरले असेल काय? व्हरांड्यात ऊन कलत होते.

विभावरी उठली. कक्षाच्या मुख्य परिचारिकेपुढे, मेश्राम सिस्टरांपुढे, जाऊन उभी राहिली.

“मला आत येऊ द्या. सुई टोचायची असेल तेव्हा ती माझ्या छातीवर असू दे.”

“ताई, आमच्याकडे भेटीच्या वेळा ठरलेल्या आहेत. संसर्ग झाला म्हणजे?”

“मला माहीत आहे. तरी येऊ द्या.”

घशातली नळी तोवर निघाली होती. डॉक्टरांनी परवानगी दिली. कोपरापर्यंत हात धुऊन, केस बांधून, विभावरी आरामखुर्चीत बसली, आणि मेश्राम सिस्टरांनी ते तारांनी वेढलेले, पिसाहून थोडे जड असे अस्तित्व तिच्या उघड्या छातीवर ठेवले. त्वचेला त्वचा लागली. काळजावर काळीज आले. सुई आली, टाच धरली गेली. शाल्मली रडली, आता तिला आवाज होता, मांजरीच्या पिलाएवढा. आणि आईच्या हाताखाली तो आवाज लवकरच मंदावत, मंदावत विरून गेला.

दिवस गेले. गालांवर रंग चढला. चेतन बाहेरून काचेवर बोट टेकवी आणि हसे. ओठ हलवून विचारी, “दूध घेतलं?” विभावरी मान डोलावी. सुख असे दबक्या पावलांनी येऊ लागले होते.

आणि एका सकाळी शाल्मली राखेच्या रंगाची झाली. श्वास अडखळला. हृदयाची गती कोसळली. यंत्रे एकामागून एक किंचाळू लागली. रक्तात जंतू शिरले होते. पुन्हा नळी, पुन्हा तारा, पुन्हा निळा, निर्दय उजेड. विभावरीला बाहेर काढले गेले. मेश्राम सिस्टरांनी फक्त एकदा तिच्या हातांकडे पाहिले.

त्या नजरेखाली ती बाहेर उभी राहिली. हेच हात. याच हातांनी धीर दिला होता. याच हातांनी मृत्यू आत नेला होता काय? नागपूरच्या त्या दाराने तिला एकटी ठेवले होते, आणि जगवलेही होते. मग कुणाचे बरोबर होते?

“माझ्यामुळे झालं का?” तिने डॉक्टरांना विचारले.

“तुमच्यामुळे झालं, असं मी म्हणणार नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “झालं नाही, असंही मला छातीठोक सांगता येणार नाही.”

चेतन तिला म्हणाला, “विभा, आता नको जाऊस आत. पुरे झालं.” ती रडली नाही. औषधांनी हळूहळू जंतू हटवले, राखेतून पुन्हा रंग उमलला, आणि ज्या दिवशी डॉक्टरांनी दार उघडले, त्या दिवशी विभावरीने कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा धुतले, कातडी लाल होईतो धुतले. आणि मनात आईच्या त्या पायरीला दूर सारत, आत गेली.

शाल्मली घरी निघाली तेव्हा डॉक्टरांनी तिचे रक्त पुन्हा तपासले होते. नाळेतल्या रक्ताशी ते ताडून पाहिले होते.

“खुणा वाढल्या आहेत,” त्या म्हणाल्या.

“मी जवळ नसते तर अजून वाढल्या असत्या?”

डॉक्टरांनी अहवाल मिटला. “तुलना करायला दुसरी शाल्मली नाही, विभावरी. ही एकच आहे. घरी घेऊन जा.”

ती घेऊन गेली. मूल वाढले. रांगले, चालले, बोलले, खोखो हसले. कधी खेळता खेळता एकाएकी थबके, मान वळवून रिकाम्या कोपऱ्याकडे पाही, आणि मग पुन्हा खेळू लागे. विभावरी तेव्हा हातातले काम टाकून तिच्याकडे पाहत राही. दिवस असे, वर्षे अशी.

शाल्मली पाच वर्षांची झाली, त्या वैशाखात मायलेकी सुभद्राबाईंच्या गावी निघाल्या. फाट्यावर एसटीतून उतरल्या. नांगरलेली, उघडी, तहानलेली शेते. मधून जाणारी पांदण. माणूस नाही, पाखरू नाही. वारा एकदम पडला. आणि पश्चिमेकडून, क्षितिजाची कड उचलून, एक मातकट काळी भिंत उठली. आवाज नव्हता तिला. ती नुसती वाढत होती.

शाल्मलीची बोटे आईच्या बोटांत रुतली.

“आई, तुला भीती वाटते?”

नाही म्हणणे सोपे होते. विभावरी खाली बसली, लेकीच्या डोळ्यांच्या पातळीवर आली.

“हो, वाटते.”

“मला पण,” शाल्मली म्हणाली, आणि तिने आईच्या गळ्याला मिठी घातली.

विभावरीने पदर सोडला आणि दोघींच्या डोक्यांवरून ओढून घेतला. प्रथम दूरच्या बाभळी गेल्या. मग बांध गेले. मग वाट गेली, पुढची आणि मागची. पदराखालच्या इवल्या उजेडात दोन चेहरे, एकमेकांच्या श्वासाएवढे जवळ; आणि बाहेर धूळ, धूळ, दाही दिशांची धूळ, पृथ्वीवरून उठून पृथ्वीवर कोसळणारी.