चारशे बारा जणांकडे गेलेली यादी

मी एक यादी बोलतेय. हळूच बोलते, कारण मी सध्या कुणाकुणाच्या हातात आहे, मलाच ठाऊक नाही.

बोर्डीच्या किनाऱ्यावरच्या मेळ्यात, दक्षाताईंच्या टेबलावर, एका वहीत माझा जन्म झाला. ताई चिकूच्या चकत्या आणि पावडर विकायच्या. "नवीन माल आला की ईमेल करू का?" असं त्या प्रत्येकाला विचारायच्या आणि 'हो' म्हणणाऱ्याचंच नाव, ईमेल, पत्ता लिहून घ्यायच्या.

पुढे त्यांचा दीर विपुल याने मला कॉम्प्युटरवर चढवलं. ईमेल पाठवायला त्याने एक सेवा घेतली. तिच्यात एका गिऱ्हाइकाला दुसऱ्याचा पत्ता दिसत नसे आणि तळाशी 'यापुढे नको' म्हणायची सोय असे. मला फार सुरक्षित वाटायचं.

माझ्यात तळासरीची निलम होती. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून ती लेकीला घेऊन तिथे लपून राहत होती. तिच्या नावापुढे ताईंनी लिहिलं होतं, 'पत्ता कुणालाही देऊ नये.' वापीचा चिमणही माझ्यातच होता, दोनदा पावडर मागवणारा. तो तिचा नवरा आहे, हे ताईंना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

त्या सकाळी ती सेवा काही केल्या उघडेना. विपुल घाईत होता. त्याने साध्या ईमेलवरून सगळ्यांना एकदम पत्र धाडलं आणि भावपत्रकाऐवजी मलाच जोडलं. एका क्षणात माझ्या चारशे बारा प्रती झाल्या. मी ओरडू शकत नव्हते, परत फिरू शकत नव्हते.

दोन तासांनी उत्तर आलं: 'निलमचा पत्ता मिळाला. आभारी आहे. चिमण.'

ताईंनी ते वाचलं, आणि हा चिमणच निलमचा नवरा असणार, हे त्यांच्या लक्षात आलं. "विपुल, तू काय पाठवलंस?"

"वहिनी... फाइल चुकली."

ताईंनी निलमला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. "गाडी काढ," त्या म्हणाल्या. "डहाणूला छोट्या व्यावसायिकांच्या शिबिरात सांगितलं होतं, ज्याची माहिती फुटली त्याला आधी कळवायचं. ही तर आपल्या भरवशावर जगतेय."

गाडीत पत्ता बघायला त्यांनी फोनवर मला उघडं ठेवलं होतं. वापीहून हायवेने तळासरी किती जवळ, हे मला आठवत होतं आणि आठवायला नको होतं.

तळासरीला पोचून ताईंनी दार वाजवलं. आतून आवाज नाही. "निलम, मी दक्षा, बोर्डीची!" तेव्हा कुठे कडी निघाली. निलम आंघोळीला गेली होती, केस ओले होते.

"माझ्याकडून तुझा पत्ता फुटला," ताई म्हणाल्या. "चिमणला कळलाय."

निलम रागावली नाही. तिने एवढंच विचारलं, "किती वेळ झाला?"

"तीन तास होत आले."

तिने लेकीचं दप्तर आणि कागदांची पिशवी उचलली. गॅसवरचा भात तसाच राहिला. शाळेतून लेकीला घेऊन सगळे पोलीस ठाण्यात पोचले, तोच शेजारणीचा फोन आला, "अगं, कुणीतरी तुझं दार लाथांनी बडवतंय!" पोलीस गेले. चिमणला त्यांनी दारातच धरलं.

निलम वाचली. पण तिचं घर सुटलं, तिथल्या एका दुकानातली नोकरी सुटली. आता ती कुठे आहे, ते ताईंनी कुठल्याच यादीत लिहिलं नाही. बरं केलं.

ताईंनी सगळ्यांना खरं कळवून माफी मागितली, फाइल पुसायची विनंती केली. दोनशे जणांनी 'पुसली' म्हणून कळवलं. बाकीचे गप्प आहेत. मूळ यादीतून ताईंनी घरचे पत्ते काढले आणि प्रत्येकाला नव्याने विचारलं. ती आता लहान झालीय.

आत्ता बोलतेय ती मी मात्र त्या गप्प राहिलेल्यांपैकी एकाच्या ईमेलमध्ये पडलेली प्रत आहे. कदाचित तुमच्याच. माझ्यात अजून कितीतरी बायकामाणसांची दारं आहेत. कृपा करून मला वाचू नका. पुसून टाका, आत्ताच.