बॉनेटच्या अलीकडे

उज्वलाने आतला खटका ओढला तसं बॉनेट बोटभर वर आलं आणि तिथेच अडलं. पुढे येऊन तिने फटीत बोटं घातली, चाचपलं, हिसका देऊन पाहिला. ढिम्म. इतकी वर्षं आतला खटका ओढायचं काम तिचंच होतं, पण बाहेरच्या बाजूला आणखी एक कळ असते हे तिला आज कळत होतं. शेवटी तिने बंगळूरला मुलाला, विश्वजितला, फोन लावला.

"मधोमध बघ आई, बारीकशी कळ असेल, ती सरकव. पण तू कशाला हे करतेयस? तो माणूस आता येऊन गाडी नेणारच आहे ना?"

"रिकामी कशी देऊ?"

"रिकामी म्हणजे?"

"आरं, शेजारणीचं पातेलं तरी मी कधी रिकामं परत देते का? चिमूटभर साखर का होईना, घालतेच. ही तर तुझ्या बाबांची गाडी हाय."

"बरं. टेन्शन घेऊ नको. गाडी गेली की फोन कर."

कळ सापडली. बॉनेट वर गेलं, टेकू लागला आणि उज्वलाने पहिल्यांदाच गाडीचं पोट पाहिलं.

तिचा नवरा मानसिंग वाशीच्या मार्केटात मसाल्याच्या गाळ्यावर कामाला होता. दर रविवारी चहाच्याही आधी, इंजिन थंड असताना, तो कामोठ्यातल्या त्यांच्या बिल्डिंगखाली उतरायचा. सोबत ऑइलचा डबा, कूलंटची बाटली आणि उज्वलाच्या जुन्या हिरव्या साडीचं फडकं. मानसिंगरावांची गाडी गावाला कमी जाते आणि दवाखान्यात जास्त, असं शेजारी म्हणायचे. उज्वलाला गाडी चालवता येत नव्हती, पण ड्रायव्हरच्या सीटवर दर रविवारी तीच बसलेली असायची. तो समोरून सांगणार, चावी फिरव, पाणी मार, बास. आणि ती करणार. वर केलेल्या बॉनेटमुळे तो तिला कधी दिसायचा नाही.

आणि म्हणूनच तो बोलायचा. घरात माणूस मुखदुर्बळ. भाजी कशी झाली विचारलं तरी मान हलवणार. पण बॉनेट वर गेलं की त्याला कंठ फुटायचा. गाळ्यावरचं राजकारण, साताऱ्याची वहिनी, गुडघ्याचं दुखणं, सगळं तिथूनच यायचं. विश्वजित बंगळूरला गेला त्या रविवारीही ऑइलची पट्टी पुसता पुसता तो पलीकडून म्हणाला होता, "पोरगं गेलं गं. घर खायला उठतंय." समोर बसून हे त्याला जन्मात बोलता आलं नसतं. उज्वलाने पत्र्याकडे बघतच त्याला धीर दिला होता.

मानसिंग उन्हाळ्यात वारला. त्यानंतर विश्वजितच्या सांगण्यावरून ती दर रविवारी गाडी नुसती चालू करायची. बॉनेट खाली असायचं. समोरची भिंत स्वच्छ दिसायची, आणि तिथे कुणी नाही हेही. मग ती चावी काढून वर यायची. गाडी विकायला ती हो म्हणाली ती त्यामुळेच, पण काल रात्री तिच्या ध्यानात आलं होतं. गाडी गेली की त्याच्याशी बोलायची जागाच जाणार होती.

तिने ऑइलची पट्टी ओढली. तिला आवाज आठवले. पट्टी दोनदा बाहेर यायची आणि मधे फडकं फिरायचं. तिने त्याच हिरव्या फडक्याने पट्टी पुसली, परत घातली, परत काढली. ऑइल खालच्या खुणेला टेकलं होतं, तिने बेताबेताने ओतलं. कूलंट रेघेपर्यंत भरलं. वायपरच्या टाकीत पाणी घालताना अंदाज चुकला आणि चपला भिजल्या.

"तुमी सोता भरताय?"

दिवाळे गावचा देवजी आला होता. लग्न ठरलेल्या लेकीसाठी गाडी घेत होता. त्याने वाकून पट्टी पाहिली, फडकं हातात घेतलं.

"चांगली ठेवलीय. ताई, जरा आत बसून चालू करा ना. मी आवाज आयकतो."

उज्वला आत बसली. दार लावलं. समोर नुसता पांढरा पत्रा. तिने चावी फिरवली.

पलीकडे कुणीतरी खोकलं. पट्टी खणकली.

"पानी मारा."

तिने दांडी ओढली. वायपरने काच पुसली. इंजिन घुरघुरत होतं आणि त्या आवाजात तिचं बोलणं बाहेर जाणार नव्हतं.

"विश्वजित बरा हाय," ती पत्र्याकडे बघत म्हणाली. "जेवतो वेळेवर. माझं मात्र काय खरं न्हाय. घर खायला उठतं. तुमी म्हणाला होता ना, तसं."

"झालं ताई. घेऊ का खाली?"

उज्वला पत्र्याकडे बघत राहिली. देवजी तसाच थांबला. इंजिनच्या आवाजात ऐकू गेलं नसेल असं त्याला वाटलं असावं.

"ताई?"

"घ्या," ती म्हणाली.

बॉनेट खाली आलं. भिंतीपुढे देवजी हात पुसत उभा होता. उज्वलाने इंजिन बंद केलं, पदराने डोळे टिपले आणि खाली उतरून चावी त्याच्या हातावर ठेवली. ऑइलचा उरलेला डबा आणि कूलंटची बाटली तिने स्वतः डिकीत नेऊन ठेवली.

"सगळं भरलंय," ती म्हणाली. "लेकीला म्हणावं, दर रविवारी बघत जा. आणि एकटीनं नको बघू."

देवजीने मान डोलावली. हातातलं फडकंही तो डिकीत टाकायला निघाला होता.

"तेवढं राहू द्या," उज्वला म्हणाली आणि त्याच्या हातून घेऊन तेलकट फडक्याची घडी घालू लागली.