कपाट ‘हुं’ म्हणालं

सोसायटीच्या सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. कोपऱ्यातलं लोखंडी कपाट बोलत होतं. प्रश्न विचारायचा, उत्तर होकारार्थी असेल तर कपाट आतून ‘हुंऽऽ’ म्हणायचं, नसेल तर गप्प बसायचं. इतकं मोजकं बोलणारं त्या सभागृहात दुसरं कोणी नव्हतं.

कपाट खरं तर सोसायटीतल्या अण्णांच्या सुनेचं. ती ऊर्जा संशोधन केंद्रात होती. गच्चीवरची सौर पॅनेल, पवनचक्की आणि बॅटऱ्या यांच्या विजेची मोट बांधून ती घरोघरी पुरवणारं यंत्र तिने या कपाटात चाचणीसाठी बसवलं होतं. ती कामासाठी परगावी काय गेली, यंत्रावर रेशमी कापड चढलं आणि शेजारी खुर्ची टाकून कुठलेसे बाबा ‘कपाटमहाराज’ म्हणून बसले.

परत आल्या दिवशी तिला कळलं, की सासऱ्यांनी इन्सुलिन बंद केलंय.

“कोणी सांगितलं, अण्णा?”

“तुझ्याच कपाटानं. महाराजांनी माझ्यादेखत विचारलं.”

“ते यंत्र आहे. त्याला काय कळतंय?”

“घरचं म्हणून तुला किंमत नाही,” अण्णा म्हणाले आणि पुन्हा पाणी मागितलं. त्यांचे ओठ सुकले होते. “कपाट म्हणालं तरच सुई घेईन.”

तिला राग आला, पण त्याहून जास्त भीती वाटली. ती त्यांना धरून सभागृहात घेऊन गेली.

“भक्तहो, विश्वात प्लस आहे आणि मायनस आहे!” महाराज सांगत होते. “मायनस म्हणजे तुमची पापं. त्यांचं अर्थिंग आम्ही करतो!” मग एका काकूंकडे वळून म्हणाले, “मुलीला नोकरी लागेल का? बोला देवा!”

हुंऽऽ.

कपाटाच्या पडद्यावर वॅटचा आकडा टुणकन वर गेला. लोकांनी आकड्याला हात जोडले. सुनेने तो वाचला.

“एक किलोवॅट,” ती पुटपुटली. “देवाला साधारण इस्त्रीइतकी वीज लागते तर.”

ती मंचामागच्या खोलीत गेली. तिथे एक शिष्य बसला होता. समोर इस्त्री, हात बटणावर, कान दाराकडे. इस्त्री करायला मात्र कपडा नव्हता.

तिने दार सताड उघडलं, त्याला बाजूला केलं आणि मोठ्याने विचारलं, “देवा, महाराज आपल्याला फसवताहेत का?”

बटण दाबलं. हुंऽऽ.

आधी सगळ्यांनी महाराजांकडे पाहिलं. मग काकूंना हसू फुटलं. महाराजांना तेवढ्यात दुसरीकडे काम निघालं.

“आत जाड तारेचं वेटोळं आहे,” सुनेने सांगितलं. “जास्त वीज वाहिली की ते थरथरतं. मागच्या खोलीची वीजही यातूनच जाते. इस्त्री चालू, की ‘हुं’. त्याला ना नोकरी कळत, ना साखर. कोणीही काही छातीठोक सांगितलं, तर ‘तुम्हाला कसं कळलं?’ एवढं विचारा. मलाही विचारा.”

अण्णांनी दवाखान्यात जाऊन तो प्रश्न थेट डॉक्टरांना विचारला. डॉक्टरांनी बोटातून रक्ताचा थेंब घेऊन साखर मोजून दाखवली. चढलेला आकडा पाहून अण्णांनी मान खाली घातली.

“सगळं खोटं असेल असं मला वाटलं होतं गं,” ते सुनेला हळूच म्हणाले. “पण ती सुई फार दुखते. कोणीतरी नको म्हणावं, एवढंच हवं होतं.”

तिने त्यांचा हात धरला. महाराज लोक आपल्याला हवं असतं तेच उत्तर विकतात. म्हणून जे उत्तर ऐकून फार हायसं वाटतं, ते आधी तपासून घ्यावं.

डॉक्टर सुई घेऊन आले, तेव्हा अण्णांनी डोळे मिटले आणि शर्ट वर केला.