न दुखणारा पाय

जबलपूरजवळच्या कुंडम गावात अंगारबाबांच्या अंगणात गर्दी श्वास रोखून उभी होती. बाबांनी जळती उदबत्ती ह्यांच्या उजव्या तळव्याला टेकवली.

"लगा क्या, रामराव जी?"

"नाही लागलं!"

"सुन लो! सारी पीड़ा मैंने खींच ली!"

जयजयकार झाला. मीही हात जोडले; सोमवार, चतुर्थी, रोजचा जप करणारी बाई मी. मग बाबांनी त्याच उजव्या पायाच्या जुन्या जखमेवर राख लावून लाल पट्टी बांधली. "गाँठ खुली तो पीड़ा बेटे के पैर में जाएगी."

त्या गाठीत आमचं घर अडकलं. पट्टीला वास सुटला, माश्या बसू लागल्या. मी हात पुढे केला की हे ओरडत, "अनुपमच्या जिवावर उठली काय?" सोडावी तर मुलगा, न सोडावी तर नवरा.

आरोग्य केंद्रात मोबाइलवर जबलपूरचे डॉक्टर पाय पाहतात, असं तिथल्या नर्स जयादीदी सांगून गेल्या. मी ह्यांना म्हटलं, "गाठीला कोणी हात लावणार नाही. डावा पाय तेवढा दाखवा."

जबलपूरच्या नेपियर टाउनमधून डॉक्टर चिन्मयी पडद्यावर आल्या. "काका, डोळे मिटा. टोचलं की हो म्हणा."

जयादीदी नायलॉनचा जाडसर दोरा डाव्या तळव्यावर टोचू लागल्या. अंगठा, चवडा, टाच. ह्यांचं 'हो' काही येईना. शेवटी वैतागले, "लावा ना दीदी! काहून बसून राहिल्या?"

"काका, केव्हाची लावून राहिली मी!"

ह्यांनी डोळे उघडले.

मी बाबांच्या उदबत्तीचं सांगितलं, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "ह्या पायाला बाबांनी हात लावला होता?"

"नाही."

"मग ह्याची वेदना कोणी ओढली? साखरेनं, काका. नसा बधिर झाल्यात. उदबत्तीनं कातडी भाजतेच, तुम्हाला कळत नाही एवढंच."

तेव्हा मला रांगेतला बाबांचा चेला आठवला. "शुगर है? पैर सुन्न रहते हैं?" हो म्हणेल तोच पुढे. मी नाही म्हटलं, तर मला म्हणाला होता, "माताजी, आप अभी पात्र नहीं." उपास करणारी मी अपात्र, आणि चोरून जिलबी खाणारे हे पात्र!

हे लाल पट्टीकडे बघत राहिले. "अनुपमला काही झालं तर?"

"गाठ सुटली म्हणून पोराला धरेल, असा देव मी कधी पुजला नाही," मी म्हटलं.

ह्यांनी स्वतःच गाठ सोडली. खाली करंगळी काळी पडली होती. त्याच दुपारी जबलपूरला नेलं. करंगळी गेली, पाय राहिला. आणि अनुपम? परवाच जबलपूरच्या अधारतालहून स्कूटरवर आला, बापासाठी मऊ बूट घेऊन.

बायांनो, माझा जप सुटलेला नाही. पण पूजेला बसण्याआधी ह्यांचे दोन्ही तळवे उजेडात धरते, बोटांच्या बेचक्यासुद्धा पाहते. न दुखणं म्हणजे बरं होणं नव्हे. तुमच्या घरी कोणाला साखर असेल आणि पायावर अशी गाठ असेल, तर देवाचं नाव घ्या आणि आजच ती सोडा.